पक्षी वाढले की बघणारे? दक्षिण कोकणच्या खडकांवरून एक धडा

मी मूळची मुखेडची. संशोधनाचा विषय सांगितला की समोरचा माणूस पहिल्यांदा माझ्या गावाचं नाव परत विचारतो. 'मुखेड? नांदेडचं? आणि विषय कोकणातले समुद्रपक्षी?' माझ्या वडलांनी तर पेट पास झाल्याचे पेढे खाता खाताच विचारलं होतं, 'तिकडं काय ठेवलंय गं तुझं? आपल्याकडं काय पाखरं नाहीत का?' या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. तो प्रश्न तेव्हा वाटला तितका साधा नव्हता.

आज लिहितेय ते माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल. हे प्रकरण मला जवळजवळ पूर्ण पाडून परत बांधावं लागलं. विषय आहे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात झालेल्या पक्षीनोंदींचा इतिहास. पक्ष्यांचा नव्हे, नोंदींचा. हा फरक मला उशिरा कळला, आणि तुमच्यापैकी जे आत्ता आराखडा लिहिताय त्यांना तो लवकर कळावा म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी माणसांची ओळख करून घेऊ. स्पर्धा परीक्षा दिलेल्या सगळ्यांना ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम माहीत असतो. १८८५, मुंबई, काँग्रेसची स्थापना, एक गुण. पण त्याआधीची कितीतरी वर्षं हा माणूस हिंदुस्थानातल्या पक्ष्यांमागे वेडा झालेला होता. सरकारी नोकरी सांभाळून त्याने देशभर पत्रव्यवहाराचं जाळं विणलं. कलेक्टर, जंगलखात्याचे अधिकारी, लष्करी डॉक्टर, रेल्वेचे इंजिनिअर, जो कोणी पक्षी बघत असेल तो ह्यूमला कळवायचा, कातडी पाठवायचा. या सगळ्यासाठी त्याने १८७२च्या अखेरीपासून 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक चालवलं. त्याचे जुने खंड आज स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत मिळतात. मी त्यातला बराचसा भाग मुखेडच्या घरी, मोबाइलवर, लाइट गेल्यावर बॅटरीचे टक्के मोजत वाचलेला आहे.

याच 'स्ट्रे फेदर्स'च्या नवव्या खंडात, १८८० साली, जी. डब्ल्यू. विडाल या सनदी अधिकाऱ्याची 'दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी' छापून आली. जवळपास शंभर पानं. दक्षिण कोकण म्हणजे तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, बाणकोटच्या खाडीपासून खाली तेरेखोलच्या बाजूपर्यंतचा पट्टा. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली, त्यामुळे जुन्या कागदात 'रत्नागिरी' दिसलं की मालवण-वेंगुर्लेही त्यात धरायचं, हे डोक्यात पक्कं ठेवावं लागतं. विडाल रत्नागिरीत नोकरीला होता. पक्ष्यांइतकाच त्याला सापांचा नाद. पुढे फुरशावरही त्याने लिहिलं. त्याच वर्षी निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरलाही त्याचा मोठा हातभार आहे.

त्याच्याही आधी, फेब्रुवारी १८७५ मध्ये, खुद्द ह्यूम सरकारी सागरी सर्वेक्षणाच्या जहाजावरून पश्चिम किनाऱ्याने लक्षद्वीपकडे गेला. वाटेत वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे निवतीसमोरच्या समुद्रातली ती दीपगृहाची खडकाळ बेटं, त्याने पाहिली. त्या सफरीचं त्याचं लांबलचक वर्णन १८७६ साली आलं. तर माझ्याकडे ह्यूम होता, विडाल होता, मधल्या काळातली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची जर्नल्स होती, आणि आजच्या पक्षीनिरीक्षकांनी ऑनलाइन टाकलेल्या याद्या होत्या. मी काय केलं असेल? तुम्हीही तेच केलं असतं. एक्सेल उघडलं.

तीन रकाने. जुने, मधले, आजचे. पक्ष्यांची नावं उभी, काळ आडवा, असेल तिथे बरोबरची खूण. आजचा रकाना गच्च भरला, जुन्यात जागोजाग भोकं. मी मोठ्या थाटात वाक्य लिहिलं की, गेल्या दीडशे वर्षांत दक्षिण कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या विविधतेत लक्षणीय वाढ झालेली दिसते. प्रगती अहवालाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी तक्ता वरून खाली एकदा बघितला आणि एवढंच विचारलं, 'पक्षी वाढले, की बघणारे वाढले?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैठकीत मी ते प्रकरण मांडलंच नाही, दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. सहा महिन्यांचं काम होतं. खोलीवर येऊन रडले वगैरे, ते जाऊ द्या.

मग ठरवलं की ज्या खडकांबद्दल लिहितेय ते एकदा तरी बघून यावं. हो, तोपर्यंत मी एकदाच समुद्र बघितला होता, शाळेच्या सहलीत, आणि तोही वाळूचा. डिसेंबरात मालवणला गेले. मुखेडहून लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरून मालवण, रात्रभराचा आणि वर अर्ध्या दिवसाचा प्रवास. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून रॉक गार्डनच्या बाजूच्या खडकांवर जाऊन बसले. पक्षी बघायला पहाटे जायचं असतं, हे आमच्याकडच्या तळ्यावरचं शहाणपण. साडेसहा वाजता सगळे खडक पाण्याखाली. लाटा थेट वरच्या कड्याला धडकत होत्या. दूर सिंधुदुर्गाच्या तटावर घारी फिरत होत्या, बाकी काही नाही. तासाभरानं एक आजी डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. माझी दुर्बीण बघून थांबली. म्हणाली, 'गे बाय, आता काय बघतलंस? सुकती येवंदे.' आणि आकाशाकडे न बघता, घड्याळाकडे न बघता पुढे सांगितलं की आज अष्टमी, दुपारी ये.

दुपारी बाराला गेले तर जागा ओळखू येईना. पाणी मागं सरलेलं, शेवाळानं हिरवे-काळे झालेले खडक उघडे पडलेले, मधल्या डबक्यांत मासळीची पिल्लं. आणि त्यावर पक्षी. काळसर रंगाचा समुद्र बगळा एका पायावर उभा. दोन तुतवार शेपूट खालीवर करत खडकाच्या कडेकडेनं चाललेले. छोट्या चिखल्यांचा एक थवा, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. दोन-अडीच तासांनी पाणी परत चढायला लागलं आणि थवा उठून गेला. सकाळी साडेसहाची माझी यादी आणि दुपारी बाराची यादी शेजारी ठेवली असती, तर एखाद्या पुढच्या विद्यार्थिनीनं लिहिलं असतं की सहा तासांत मालवणच्या पक्ष्यांच्या विविधतेत लक्षणीय वाढ झाली.

अष्टमीचं गणित मी नंतर समजून घेतलं, आणि ते इथे सांगते कारण मला त्याचा थेट संशोधनात उपयोग झाला. किनाऱ्यावरचे लोक तिथीला पाऊणनं गुणतात. येईल तो आकडा म्हणजे ढोबळमानानं पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी, म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मधे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला साधारण उलटं, भरती अकरा-बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी, शिवाय ती उधाणाची म्हणून खडक जास्त लांबवर उघडे पडतात. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, चढउतार कमी. जागेनुसार थोडं मागंपुढं होतं, पण अंदाजाला पुरेसं.

आता विचार करा. जुन्या नोंदीवर तारीख असेल तर पंचांगावरून त्या दिवशीची तिथी काढता येते. तिथी मिळाली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. वेळही नोंदलेली असेल तर तो साहेब किनाऱ्यावर उभा होता तेव्हा समोर उघडे खडक होते की नुसतं पाणी, हे दीडशे वर्षांनी मुखेडात बसून सांगता येतं! ज्या दिवशी हे डोक्यात आलं त्या दिवशी मी चालत जाऊन बसस्टँडवर दोन कप चहा प्याले. पुढे लक्षात आलं की छापील यादीत तारखा क्वचितच असतात आणि वेळ जवळपास नसतेच. यादीत असतं ते 'किनाऱ्यावर हिवाळ्यात सर्वत्र', 'क्वचित' असं सारांशरूप. पण संग्रहालयातल्या कातड्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि जागा असते. म्हणून नुसती यादी न वाचता चिठ्ठ्यांकडे जावं लागतं, आणि चिठ्ठ्या बहुतेक इंग्लंडमध्ये.

त्या इंग्लंडला का, ती गोष्टही चटका लावणारी आहे. ह्यूम सिमल्याला नसताना त्याच्या नोकरानं त्याची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं रद्दीच्या भावानं विकून टाकली. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर जो मोठा ग्रंथ तो लिहिणार होता त्याची बरीचशी सामग्री त्यात गेली. ह्यूमचं मन उडालं आणि १८८५ साली त्याने आपला संग्रह, पक्षी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. पाठ्यपुस्तकात एकच ह्यूम येतो, दुसरा रद्दीत गेला. (तुमच्या नोंदींची दुसरी प्रत ठेवा. पेन ड्राइव्हवर, मेलवर, कुठंही. ठेवा.)

असो, विडालकडे परत. खडकावरच्या त्या दुपारनंतर मी त्याची यादी पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, पण या वेळी पक्ष्यांसाठी नाही. हा माणूस किनाऱ्यावर कधी होता, कसा पोचला, कशासाठी पोचला, हे शोधत वाचली. जिल्ह्याच्या साहेबाचं वर्ष दोन तुकड्यांत असायचं. पावसाळा मुख्यालयात, कचेरीत. पाऊस उघडला, दिवाळी झाली की फिरती सुरू, तंबू, घोडे, खाडीतल्या होड्या, ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी आपल्या किनाऱ्यावर येतात कधी? सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, जातात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे महसूलखात्याचं वेळापत्रक आणि स्थलांतराचं वेळापत्रक जवळजवळ एकावर एक बसतं. साहेबाच्या वहीत हिवाळी पक्षी भरपूर दिसतात याचं एक कारण असंही की साहेबच हिवाळी होता.

उलट बाजू बघा. पावसाळ्यात बंदरं बंद, किनाऱ्याच्या आगबोटी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या. वेंगुर्ला रॉक्ससारख्या बेटांवर सुरय पक्षी अंडी घालतात ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला. ह्यूम तिथे गेला फेब्रुवारीत. त्या बेटावरच्या सुरयांचा आणि गुहेतल्या पाकोळ्यांचा स्वतंत्र अभ्यास करून हुमायून अब्दुलालींनी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला तो १९४२ साली. तुमच्या साधनात एखादी गोष्ट नसेल तर ती जगातच नव्हती असं म्हणण्याआधी तिथे पोचायला होडी होती का, हे विचारा. पाकोळ्यांच्या घरट्यांचं वेगळंच. त्या लाळेच्या घरट्यांना चीनमध्ये मोल होतं, त्यामुळे ती काढणारी माणसं त्या गुहांत साहेबांच्या कितीतरी आधीपासून उतरत होती. पक्षी घरटी कधी बांधतो, किती बांधतो, याचं ज्ञान त्यांच्याकडे नक्की होतं. त्यांची वही नव्हती.

ही वही नसलेली माणसं मला हळूहळू सगळीकडे दिसायला लागली. खाडीतून होडी कोण वल्हवत होतं? गाबीत, खारवी, दालदी. मारलेला पक्षी पाण्यात उतरून कोण आणत होतं? कातडी सोलून, आर्सेनिकचा साबण लावून, भुसा किंवा कापूस भरून कोण ठेवत होतं? कधी साहेब स्वतः, पण बऱ्याचदा त्याचा पगारी माणूस. चिठ्ठीवर नाव साहेबाचं. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली तेव्हा आठ जणांत दोन आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजवाले तेच, आणि सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. सामाजिक सुधारणांचा इतिहास शिकताना ही दोन नावं येतात, निसर्गाचा इतिहास शिकताना गळतात. मला वाटतं आपल्याकडे हे दोन इतिहास दोन वेगळ्या कपाटांत ठेवण्याची खोडच आहे.

आता नावांची भानगड. यात माझे किमान दोन महिने गेले, म्हणून जरा सविस्तर.

तक्त्यात जुन्या रकान्याला इतकी भोकं का पडली, त्याचं एक अगदीच बावळट कारण होतं. मी आजची शास्त्रीय नावं घेऊन जुन्या स्कॅनमध्ये शोधत होते. खडकाळ किनाऱ्याचा एक खास पाहुणा आहे, चोचीनं बारीक दगड उलथवून खालचे किडे-कुर्ल्या खाणारा, इंग्रजीत टर्नस्टोन. पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून येतो. त्याचं आजचं नाव अरेनेरिया इंटरप्रेस. 'अरेनेरिया' शोधलं, काही नाही. म्हणून शून्य. त्या काळच्या पुस्तकांत तो 'स्ट्रेप्सिलस इंटरप्रेस' म्हणून बसलेला असतो! प्रजातीचं पहिलं नाव पंडित लोक दर काही वर्षांनी बदलतात, दुसरं नाव त्या मानानं टिकतं. म्हणून शोध घ्यायचा तो दुसऱ्या नावानं. तेही दर वेळी टिकत नाही. समुद्र बगळा जर्डनच्या ग्रंथात 'आशा' या नावानं आहे, ते नाव सायक्सनं १८३२ साली ठेवलेलं. आज तोच पक्षी 'गुलारिस'. त्यात या बगळ्याची काळसर आणि पांढरीशुभ्र अशी दोन रूपं असतात, एकाच जातीत, एकाच खडकावर. नवख्याला ते दोन वेगळे पक्षी वाटतात. मला वाटले होते. मालवणला दुसऱ्या दिवशी पांढरा दिसला तेव्हा मी वहीत 'छोटा बगळा' लिहून मोकळी झाले होते, नंतर फोटोत चोच नीट बघितल्यावर खोडलं.

यातून सुटका करणारी किल्ली एकच, जर्डनचा क्रमांक. टी. सी. जर्डननं १८६२ ते १८६४ या काळात हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर ग्रंथ काढला आणि त्यात १००८ जातींना अनुक्रमांक दिले. पुढची कित्येक वर्षं 'स्ट्रे फेदर्स'मधले लोक यादी करताना तोच क्रमांक आधी लिहायचे. मधे नवी जात सापडली तर क्रमांक न मोडता पुढे 'बिस', 'टर' असं जोडायचे, आपल्या सातबाऱ्यावर गट नंबरला पोटहिस्सा पडतो तसं. म्हणून मी नावांचा नाद सोडला. जर्डनचे क्रमांक एका रकान्यात, त्यासमोर आजचं नाव, आणि मग तक्ता नव्यानं. निम्म्याहून जास्त भोकं आपोआप बुजली.

जर्डनचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. तपकिरी डोक्याचा कुरव हा आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात बंदरांच्या आसपास दिसणारा पक्षी. वीण करतो लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर, पण शास्त्राला त्याची ओळख करून दिली जर्डननं, १८४० साली, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पक्ष्यावरून. आणि हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतंच. पांढरं असतं, डोळ्यामागे एक गडद ठिपका. परत जायच्या दिवसांत ते तपकिरी व्हायला लागतं. डिसेंबरात मालवणला मी तपकिरी डोकं शोधत बसले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

मराठी नावांचं काय? सायक्सनं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली तेव्हा मराठी नावंही टिपली होती, रोमन लिपीत, त्याच्या कानाला ऐकू आली तशी. त्यामुळे ती परत मराठीत आणताना दमछाक होते. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' जवळ नसता तर मी कधीच हात टेकले असते. पण किनाऱ्याच्या पक्ष्यांसाठी बोलीतली नावं गावागावाला बदलतात, आणि बारीक चिखल्या-तुतवारांना बऱ्याच ठिकाणी एकच सामायिक नाव असतं. मासळी मारणाऱ्याला त्या दोघांत फरक करायची गरज नाही, त्याला कुरव कुठे घिरट्या घालतोय ते कळलं की पुरे. शास्त्रज्ञांनाही ठामपणे फरक करता येतोच असं नाही. छोटा चिखल्या म्हणून आपण ज्याला ओळखत होतो त्याच्या अगदी अलीकडे दोन जाती केल्या, एक सैबेरियाकडची, एक तिबेटकडची. म्हणजे आजच्या याद्यांची नावंसुद्धा पन्नास वर्षांनी कोणाला तरी किल्ली लावून उघडावी लागणार.

मग नवा तक्ता काय सांगतो? पूर्वीइतकं थाटाचं काही नाही. सध्या माझ्याकडे रकाने तीन नाहीत, सात आहेत. प्रत्येक नोंदीपुढे कोणी, कोणत्या महिन्यात, किनाऱ्यावरून की होडीतून, बंदुकीनं की दुर्बिणीनं, आणि जमेल तिथे भरती की ओहोटी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नमुना मारून गोळा करणं बंद झालं. त्याआधीची नोंद म्हणजे बऱ्याचदा हातात धरलेला मेलेला पक्षी, त्यानंतरची म्हणजे लांबून बघितलेला जिवंत. पहिल्यात ओळख पक्की पण संख्या फसवी, कारण गोळी दुर्मीळ पक्ष्यावर खर्च व्हायची. रोज दिसणाऱ्याला कोण मारून सोलत बसेल? दुसऱ्यात संख्या बरी पण ओळख डगमगती. दर जानेवारीला होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासूनची आहे, ती मला सगळ्यात कामाची वाटते. ती परिपूर्ण आहे म्हणून नाही, दर वर्षी त्याच सुमाराला होते म्हणून. मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ सालचंच. ज्या वर्षी किनारा राखीव झाला त्याच वर्षी नियमित मोजणीही सुरू झाली, त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करायला 'आधी'च हाताशी नाही. हे मी प्रकरणात एका परिच्छेदात लिहिलंय आणि मॅडमनी त्याच्या कडेला पेन्सिलीनं बरोबरची खूण केलीय. एवढ्या वर्षांतली ती पहिली.

वडलांचा प्रश्न राहिला. आपल्याकडं पाखरं नाहीत का?

नोंदी कुठे आहेत हे राज्यकर्ते ठरवून गेले. कोकण मुंबई इलाख्यात, म्हणून तिथला कागद मुंबईत आणि लंडनमध्ये. मुखेड निजामाच्या राज्यात. तिकडे पक्ष्यांचं पहिलं मोठं सर्वेक्षण सालिम अलींनी केलं, निजाम सरकारच्या पैशातून, आणि त्याचे भाग सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३३-३४ साली आले. विडालच्या यादीनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी. हैदराबाद संस्थान केवढं मोठं, आणि सर्वेक्षणाचे मुक्काम मोजके. मी त्यात मुखेड शोधलं. लेंडी नदी शोधली. मग देगलूर, कंधार. माझ्या गावाच्या तळ्यावर शंभर वर्षांपूर्वी हिवाळ्यात काय उतरत होतं, याचं माझ्याकडे एकही ओळीचं साधन नाही. मालवणच्या एका खडकाबद्दल मी चार पिढ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडू शकते. घरामागच्या पाण्याबद्दल मला आजीची आठवण आहे, 'थंडीत जोडीनं यायची ती भगवी बदकं', एवढीच. भगवी म्हणजे चक्रवाक असणार. असणार, असंच म्हणू शकते.

लेंडी धरणाचं काम माझ्या जन्माआधीपासून चाललंय. त्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या पुनर्वसनाचे कागद कचेऱ्यांत ढिगानं आहेत. तिथल्या गायरानावर, नदीकाठच्या खडकांवर, ओढ्याच्या चिखलात हिवाळ्यात कोण यायचं याचा कागद नाही, आणि जमीन एकदा पाण्याखाली गेली की तो परत करताही येणार नाही. धरण झालं की नवं पाणी, नवे पक्षी, आणि पंधरा वर्षांनी कोणीतरी हौशी मुलगा यादी करून म्हणेल, इथे पक्षी वाढले.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीला गावी गेले तेव्हा भावाला गाडी काढायला लावली आणि लेंडीच्या काठानं सकाळी जिथवर जाता आलं तिथवर गेलो. इथे भरती नाही, ओहोटी नाही, तरी सवयीनं वहीच्या वरच्या ओळीत तारीख, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, किती चाललो, कोण कोण होतं, दुर्बीण कोणती, पाणी कुठपर्यंत होतं, हे सगळं लिहिलं. भावाचं नाव लिहिलं. ज्या मेंढपाळानं 'पलीकडच्या बांधावर बघा, तिकडं बसत्यात' म्हणून सांगितलं त्यालाही विचारून त्याचं नाव लिहिलं. तो हसला, म्हणाला, माझं कशाला? पलीकडच्या बांधावर खरंच चक्रवाक होते, चार. आणि एक तुतवार, शेपूट खालीवर करत, मालवणच्या खडकावर चालतो तसाच पाण्याच्या कडेनं. वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटं.